ऊन कोंडायची पेटी

मुंबईच्या उच्च न्यायालयात सुमारे दीडशे वर्षांपूर्वी विल्यम ॲडम्स नावाचे एक इंग्रज अधिकारी होते, डेप्युटी रजिस्ट्रार. कामाच्या वेळेत कोर्टाचे कागद, आणि मोकळ्या वेळात? उन्हाचे प्रयोग! मुंबईत जळाऊ लाकूड महाग आणि ऊन मात्र रग्गड, मग उन्हावरच स्वयंपाक का करू नये, असं त्यांच्या डोक्यात आलं. त्यांनी एक पेटी केली. वर काच, आणि आठ बाजूंना आरसे. त्यात सात शिपायांचं जेवण, म्हणजे मांस आणि भाज्या, दोन तासांत शिजलं. तेही जानेवारीत, मुंबईच्या सगळ्यांत थंड महिन्यात! ॲडम्स तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढे त्यांनी कुलाब्यात आपल्या आवारात भरपूर आरसे मांडून उन्हानं पाण्याची वाफ केली आणि त्या वाफेवर चक्क पंप चालवला. हे सगळं त्यांनी एका पुस्तकात लिहिलं आणि १८७८ साली ते मुंबईतच छापलं गेलं.

आता मला सांगा, जाळ नाही, निखारे नाहीत, मग अन्न शिजलं कसं?

गंमत अशी आहे की अन्नाला जाळाशी काही देणंघेणंच नसतं. त्याला हवी असते फक्त उष्णता. तांदूळ, डाळ, बटाटा यांना ८०-९० अंश सेल्सिअसच्या आसपास पुरेसा वेळ ठेवलं की ते शिजतात. ऊन तर रोज आपल्या गच्चीवर पडतंच. पण आलेली उष्णता तिथे टिकत नाही, वाऱ्याबरोबर निघून जाते. म्हणून तिला कोंडायचं.

हे काम काच करते. सूर्याचा प्रकाश काचेतून आरामात आत येतो. आतलं काळं भांडं तो शोषून घेतं आणि तापतं. तापलेलं भांडंही किरण सोडतं, पण ते डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण असतात. काच त्यांना आरपार जाऊ देत नाही! शिवाय आतली गरम हवाही अडकलेलीच. ओरास द सोस्यूर या स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञानं १७६७ साली काचेच्या पेट्या एकात एक बसवून हेच करून पाहिलं. पुढे त्यानं चांगली बंद केलेली, तीन काचांची पेटी बनवली, तेव्हा आतलं तापमान १०० अंशांच्याही वर गेलं. मग पठ्ठ्या ती पेटी घेऊन आल्प्सच्या डोंगरावर चढला. बाहेर गारठा, आणि पेटीच्या आत जवळजवळ खालच्याइतकीच उष्णता!

अशी पेटी तुम्हीही करू शकता. पुठ्ठ्याचे दोन खोके घ्या, एक मोठा आणि एक लहान. लहान खोका मोठ्यात ठेवा आणि मधल्या जागेत वर्तमानपत्राचे बोळे, पेंढा किंवा जुन्या चिंध्या ठासून भरा. (थर्माकोल नको, तो उष्णतेनं वितळतो.) आतल्या खोक्याच्या बाजूंना स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा चकचकीत कागद चिकटवा आणि तळाला काळा पत्रा घाला. झाकणाचा ॲल्युमिनियमचा किंवा स्टीलचा डबा बाहेरून काळा रंगवा, झाकणासकट. फळ्याला देतात तो काळा रंग उत्तम. रंग पूर्ण वाळला की रिकामा डबा एक दिवस पेटीत तापवून घ्या, म्हणजे वास जाईल. वरची काच दुकानातून कडा घासून आणा, आणि हे काम घरातल्या मोठ्या माणसाकडेच द्या. शेवटी मोठ्या खोक्याच्या झापेला तोच चकचकीत कागद लावून ती अशी तिरकी उभी करा की ऊन उलटून आत पडेल. त्या चकाकीकडे टक लावून बघायचं नाही, डोळ्यांना इजा होते. आणि डबा काढताना सांडशी हवीच, कारण तो खरोखर भाजतो.

आता थोडा हिशेब. भर दुपारी, आकाश निरभ्र असेल तर एक चौरस मीटर जागेवर साधारण १००० वॉट ऊन पडतं. तुमच्या पेटीची काच ४० सेंटीमीटर लांब-रुंद असेल, तर तिच्या वाट्याला १६० वॉट येतात. त्यातले निम्मे वाया गेले असं धरा. उरलेल्या ८० वॉटमध्ये एक लीटर पाणी उकळीपर्यंत यायला तासाहून जास्त वेळ लागेल. म्हणजे ही पेटी सावकाश शिजवणारी आहे. सकाळी दहाला डाळ-तांदूळ लावा आणि खेळायला जा. ढवळायला नको, करपायची भीती नाही. तूरडाळ मात्र आधी भिजवा. रताळी सुरेख होतात, शेंगदाणेही भाजून निघतात. पण फोडणी आणि भाकरी या पेटीत होणार नाही. त्यांना याच्या दुप्पट तापमान लागतं.

आणि पावसाळ्यात? तेव्हा ऊन नाही, पण उष्णता कोंडायची युक्ती तीच. इथे मला विज्ञानातली एक फार आवडती गोष्ट सांगायची आहे. पाणी एकदा उकळायला लागलं की गॅस कितीही मोठा करा, ते १०० अंशांच्या पुढे जात नाही. (महाबळेश्वरला तर ते ९५-९६ लाच उकळतं.) मग तो जादा गॅस जातो कुठे? वाफेत! साधं २५ अंशांचं एक लीटर पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सातपट उष्णता त्याच पाण्याची पूर्ण वाफ करायला लागते. उघड्या पातेल्यात खळाखळा उकळणारा भात म्हणजे खिडकीतून बाहेर उडत चाललेला गॅस.

म्हणून आईला किंवा बाबांना सांगून एक प्रयोग करा. झाकण ठेवून भाताला उकळी आणायची, पाच-सात मिनिटं मंद गॅसवर ठेवायचा आणि गॅस बंद. पातेलं तसंच झाकलेलं, जाड गोधडीत चहूबाजूंनी गुंडाळून खोक्यात ठेवायचं. तासभर उघडायचं नाही, हाच कठीण भाग! तासाभरानं भात शिजलेला असतो आणि वाफाळत असतो. तो गरम असतानाच जेवायचा, रात्रभर तसा ठेवायचा नाही.

उन्हाच्या पेटीसाठी मार्च ते मे हे महिने सगळ्यांत चांगले, कारण दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. पेटी केलीत तर आत किती तापमान झालं, दर अर्ध्या तासानं लिहून ठेवा. एक काच आणि दोन काचा, काळा डबा आणि रंग न दिलेला डबा, असे बदल करून पाहा. आणि कोणता पदार्थ किती वेळात शिजला, ते आम्हाला पत्रानं नक्की कळवा.