सोयरिकीचं गणित

केंब्रिजचे गणिती जी. एच. हार्डी यांना आपलं गणित कुणाच्या उपयोगी पडत नाही याचा अभिमान होता. १९०८ साली जनुकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पनेट यांनी त्यांच्यापुढे एक शंका ठेवली: आखूड बोटांसारखा प्रभावी गुण पिढ्यान्‌पिढ्या पसरत जाऊन सगळ्यांमध्ये का दिसत नाही? हार्डींनी ‘सायन्स’ला छोटंसं पत्र धाडलं. शाळकरी बीजगणित पुरलं. निवड नसेल, उत्परिवर्तन नसेल, बाहेरून भर पडत नसेल, लोकसंख्या मोठी असेल आणि जोड्या कशाही जुळत असतील, तर जनुकांचं प्रमाण पिढी बदलली तरी बदलत नाही. जर्मन डॉक्टर विल्हेल्म वाइनबर्ग त्याच वर्षी स्वतंत्रपणे तिथेच पोचले होते.

उत्क्रांतीचं पुढचं गणित या स्थिरतेतून काय काय ढळतं ते मोजत उभं राहिलं. पण ‘जोड्या कशाही जुळत असतील’ हे वाक्य आपल्याकडच्या कुणालाही खटकावं. ज्या देशात पत्रिकेआधी पोटजात विचारली जाते, तिथे हे गृहीतक पहिल्याच पायरीला अडखळतं.

फिशर, हॉल्डेन आणि राइट या तीन संशोधकांनी निवडीचा वेग मोजायला शिकवलं. मँचेस्टरच्या परिसरात १८४८ साली एरवी फिकट असणाऱ्या पतंगाचा काळा प्रकार नोंदला गेला आणि शतक संपेतो तिथे काळ्यांचीच चलती झाली. हॉल्डेननी १९२४ मध्ये उलटा हिशेब मांडला: एवढ्या वर्षांत हे घडायचं तर काळ्यांची मागे उरणारी संतती फिकटांच्या सुमारे दीडपट हवी. हेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.

त्यांच्या एका सूत्राला गोव्यात जन्मलेल्या आणि फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणाऱ्या दामोदर कोसंबींनी सुधारणा सुचवली, हे मात्र इतिहासकार कोसंबींच्या वाचकांनाही सहसा ठाऊक नसतं. दोन जनुकं गुणसूत्रावर किती दूर आहेत, हे ती किती वेळा एकमेकांपासून तुटतात त्यावरून ठरतं. हॉल्डेननी १९१९ मध्ये धरलं होतं, की प्रत्येक तुटणं स्वतंत्र असतं. प्रत्यक्षात एका ठिकाणी तुटलं की शेजारी तुटण्याची शक्यता घटते. कोसंबींनी १९४४ साली हा अडथळा सूत्रात बसवला. पिकांच्या जनुकांचे नकाशे काढणारे आजही ‘कोसंबी फंक्शन’ वापरतात.

सहकार्याचं कोडं वेगळं: स्वतःला तोटा होत असताना एक जीव दुसऱ्याला मदत का करतो? जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टननी १९६४ मध्ये नात्याची जवळीक गुणिले फायदा, आणि तो गुणाकार तोट्याहून मोठा हवा, अशी अट घातली. बंगळुरूच्या राघवेंद्र गदगकरांनी गांधीलमाशीच्या एका भारतीय जातीवर ती तपासली. राणी अनेक नरांशी जुळते, राण्या बदलत राहतात, त्यामुळे कामकरी माश्या बऱ्याचदा दूरच्या नात्यातली पिल्लं वाढवत असतात. गदगकरांनी नात्यापलीकडचं कारणही पुढे आणलं: एकटी माशी पिल्लं मोठी होण्याआधी मेली तर सगळं वाया, गटात मात्र अर्धं कामही कुणीतरी पुरं करतं.

मेनार्ड स्मिथ आणि प्राइस यांनी १९७३ मध्ये प्राण्यांच्या भांडणांना खेळाचं गणित लावलं, पुढे अ‍ॅक्सेलरॉडनी संगणकावर डावपेचांच्या स्पर्धा भरवल्या. वाचायला बहारदार, पण माणसांना लावताना नफ्या-तोट्याचे आकडे बरेचदा मांडणाऱ्यानेच भरलेले असतात, आणि मला तिथेच शंका येते. काव्हाली-स्फोर्झा आणि फेल्डमन यांनी १९८१ मध्ये अधिक काटेकोर वाट धरली: चालीरीत आईबापांकडून आली की बरोबरीच्यांकडून, यावर तिचा वेग कसा बदलतो ते त्यांनी समीकरणांत बांधलं.

समीकरण न लिहिता असाच नमुना त्याआधी कितीतरी वर्षं कोलंबिया विद्यापीठात मांडला गेला होता. ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात पंचविशीतल्या भीमराव आंबेडकरांनी जातींवरचा निबंध वाचला. त्यांनी एकच अट उचलली: गटातच लग्न. मग तिचे परिणाम काढत गेले. गटात लग्नाच्या वयाचे स्त्री-पुरुष जवळपास सारखेच हवेत. नवरा वारला की एक बाई शिल्लक राहते; ती गटाबाहेर गेली तर भिंत फुटते, गटातच पुन्हा लग्न केलं तर कुणा कुमारिकेचा वर जातो. म्हणून सती किंवा सक्तीचं वैधव्य. बायको वारलेल्या पुरुषाला वाऱ्यावर सोडणं गटाला परवडत नाही, म्हणून त्याच्यासाठी अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी. दार आधी ब्राह्मणांनी लावून घेतलं, बाकीच्यांनी अनुकरण केलं, आणि जो गट जितका जवळ तितकं ते अनुकरण कडक. शिलकीचा हा हिशेब एखाद्या लोकसंख्याशास्त्रज्ञाला शोभावा असा आहे. उत्क्रांतीच्या गणिताच्या इतिहासात तो क्वचितच सापडतो, ही त्या इतिहासाची उणीव.

जे आंबेडकरांनी तर्काने काढलं, त्याची काळमोजणी आता जनुकांतून होते. दोन पूर्वजगट मिसळले की त्यांच्या गुणसूत्रांचे तुकडे दर पिढीला आखूड होत जातात. तुकड्यांची लांबी मोजली की पिढ्या मोजता येतात. हैदराबादची संशोधन संस्था सीसीएमबी आणि हार्वर्ड विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २०१३ मध्ये भारतातल्या मोठ्या सरमिसळीचा काळ सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीचा ठरवला. २०१६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या संशोधकांनी म्हटलं, की वरच्या जातींमधली सरमिसळ सुमारे ७० पिढ्यांपूर्वी थांबली. साडेबावीस वर्षांची पिढी धरून त्यांनी ती गुप्तकाळाशी जोडली.

इथे पेन्सिल हातात घ्यावी. ७० गुणिले साडेबावीस म्हणजे १,५७५ वर्षं. पण २०१३ च्या अभ्यासात पिढी २९ वर्षांची धरली होती. त्या मापाने ७० पिढ्या २,०३० वर्षांच्या होतात, आणि दार लागण्याचा काळ गुप्तांकडून सरकून सातवाहनांच्या आसपास येतो. तुकड्यांची लांबी फक्त पिढ्या सांगते. पिढी किती वर्षांची, हे मुलं होताना आईबापांचं सरासरी वय किती होतं यावर ठरतं, आणि ते पुन्हा लग्नाच्या चालीरीतींवर.