मुलाखतीची पूर्वतयारी आणि गावचा शिक्षक

वऱ्हाडातील खेड्यात एखाद्या तरुणास नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे आले, म्हणजे तो सल्ल्यासाठी प्रथम ज्यांच्याकडे धाव घेतो त्यांत गावच्या शाळेचे गुरुजी असतात. पूर्वी हे बोलावणे टपालाने येई, आता ते भ्रमणध्वनीवर येते, एवढाच फरक. लेखी परीक्षेचा अभ्यास तरुणाने अमरावतीच्या वा अकोल्याच्या अभ्यासिकेत बसून केलेला असतो. परंतु चार अनोळखी, अधिकारी माणसांसमोर बसून बोलण्याचा प्रसंग त्याच्यावर पूर्वी कधीच आलेला नसतो. घरात विचारावे असे कोणी नसते. अशा वेळी शिक्षकाचे दोन शब्द त्याला मोलाचे वाटतात. ते शब्द केवळ धीराचे नसून उपयोगाचेही असावेत, या हेतूने या विषयाचा येथे विचार केला आहे.

मुलाखत कोठे असते, कोठे नसते

प्रथम ही माहिती स्पष्ट असावी. केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून आपल्या कनिष्ठ पदांसाठी, म्हणजे गट क व गट ब (अराजपत्रित) यांसारख्या पदांसाठी, मुलाखत घेण्याची पद्धत बंद केली. जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षकांची निवडही अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीतील २०० पैकी मिळालेल्या गुणांच्या आधारे होते, त्यासाठी मुलाखत नसते. मुलाखतीचा पर्याय स्वीकारणाऱ्या खाजगी संस्थांत मात्र उमेदवारास मुलाखत व प्रत्यक्ष पाठ, दोन्ही द्यावे लागतात. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत एकूण २०२५ गुणांपैकी २७५ गुण मुलाखतीचे असतात. राष्ट्रीयीकृत बँकांच्या परिविक्षाधीन अधिकारी पदांसाठी लेखी परीक्षा व मुलाखत यांचे प्रमाण ८०:२० धरतात. अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीतील वा नांदगाव पेठ येथील कारखान्यांत तर बहुधा मुलाखतीवरच काम मिळते.

"मुलाखत म्हणजे वशिला" अशी समजूत खेड्यात खोलवर रुजलेली आहे. ती अगदीच निराधार होती असे म्हणता येत नाही. अजय हसिया यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे असे प्रकरण आले की, एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी लेखी परीक्षेस १०० व तोंडी परीक्षेस ५० गुण ठेवलेले होते, आणि ती तोंडी परीक्षा दोन-तीन मिनिटांत उरकली जात असे. अशा प्रवेशासाठी तोंडी परीक्षेस एकूण गुणांच्या १५ टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे अन्यायाचे होय, असे न्यायालयाने सांगितले. म्हणून शिक्षकांनी तरुणास दोन गोष्टी समजावून द्याव्यात. मुलाखतीचे गुण थोडे असले तरी समान योग्यतेच्या उमेदवारांत तेच निर्णायक ठरतात, ही पहिली. निवड करून देतो असे सांगून पैसे मागणारा मनुष्य लबाड असतो आणि त्याच्या नादी लागून शेत गहाण टाकणे म्हणजे घर बुडविणे होय, ही दुसरी.

परीक्षा कशाची

उमेदवारास किती माहिती आहे, हे लेखी परीक्षेत पाहून झालेले असते. मुलाखतीत तो मनुष्य म्हणून कसा आहे, हे पाहतात. प्रश्न नीट ऐकून घेतो काय? माहीत नाही ते माहीत नाही असे सरळ सांगतो काय? विरुद्ध मत ऐकून चिडतो की शांतपणे आपले म्हणणे मांडतो? उत्तर येत नसता रचून सांगणाऱ्याची गत वाईट होते, कारण समोर बसलेली मंडळी त्याच धाग्याने पुढचा प्रश्न विचारतात आणि तिसऱ्या प्रश्नाला सोंग उघडे पडते. उलट, "याची मला माहिती नाही" असे स्वच्छ सांगणाऱ्याचे त्या एका प्रश्नापुरते नुकसान होते, पण त्याच्या पुढच्या उत्तरांवर विश्वास बसतो.

आपली माती, आपली माहिती

उमेदवाराचा अर्ज मुलाखत घेणाऱ्यांपुढे असतो. त्यात जे लिहिले असेल त्यावरून प्रश्न निघतात : गाव, जिल्हा, शिक्षण, घरचा व्यवसाय, छंद. खेड्यातील मुलाची फसगत होते ती येथेच. दूरदेशीच्या घडामोडी तो पाठ करतो आणि गावाविषयी विचारले की गोंधळतो, कारण आपल्या गावात सांगण्यासारखे काही आहे असे त्याला कोणी कधी सांगितलेलेच नसते.

समजा, दर्यापूर तालुक्यातील एका तरुणास विचारले, "तुमच्या भागात विहिरीवर ओलीत का होत नाही?" "पाण्याची सोय नाही, शासनाने लक्ष दिले पाहिजे," हे उत्तर खोटे नाही, पण ते कोणत्याही गावाला लागू पडते. तोच तरुण असे म्हणाला तर? "आमचे गाव पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात येते. जमिनीखालचे पाणी खारट असल्याने ते पिकालाही चालत नाही आणि पिण्यालाही नाही. म्हणून शेती पावसावरची; कापूस, तूर, हरभरा अशी पिके घेतात. पिण्याचे पाणी धरणावरून नळाने आणावे लागते. शेततळ्यात पावसाचे गोडे पाणी साठविले तर एखादी पाळी देता येते. आमच्या घरी तसे तळे नाही, पण गावात मी पाहिले आहे." या उत्तरात एकही अवघड शब्द नाही. कारण आहे, परिणाम आहे, उपाय आहे, आणि स्वतः किती पाहिले याची प्रामाणिक कबुलीही आहे. असे उत्तर शिकवणी वर्गाच्या टिपणात मिळत नाही, ते बांधावर मिळते.

याच रीतीने वरुड-मोर्शीच्या मुलास संत्र्याचा आंबिया व मृग बहार, धारणीच्या मुलास कोरकू समाज आणि १९७३ च्या व्याघ्र प्रकल्पातील पहिल्या नऊ क्षेत्रांत गणला गेलेला मेळघाट, आणि कापूसकऱ्याच्या मुलास २०१७ सालचा गुलाबी बोंडअळीचा तडाखा यांविषयी पाच वाक्ये सुसंगतपणे सांगता आली पाहिजेत. पापळ येथे जन्मलेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९५२ ते १९६२ या काळात देशाचे कृषिमंत्रिपद सांभाळले आणि १९६९ साली अकोल्यात स्थापन झालेले कृषी विद्यापीठ त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९९८ साली अकोला जिल्ह्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. अशा गोष्टी जिल्ह्याचे नाव सांगणाऱ्यास ठाऊक असाव्यात, ही अपेक्षा रास्तच आहे.

भाषेची भीती

"मले" म्हणणारा मुलगा "मला" म्हणण्याच्या धडपडीत बोलणेच विसरतो, हे अनेकदा दिसते. याला काही अंशी शाळा जबाबदार आहे. वऱ्हाडी बोली अशुद्ध नव्हे, ती घरची भाषा आहे. प्रमाण मराठी ही कचेरीची भाषा आहे. दोहोंचे स्थान ज्याला समजले तो दोन्ही बोलू शकतो. बोलीला हसून ते साधत नाही. पऱ्हाटी, डवरा, वखर हे शब्द उत्तरात आले तर बिघडत नाही. उलट बोलणारा शेतात राबलेला आहे हे त्यावरून कळते. इंग्रजीचे भय बाळगण्याचेही कारण नाही. संघ लोकसेवा आयोगाच्या लेखी परीक्षेत मराठी माध्यम घेतलेल्या उमेदवारास मुलाखतही मराठीतून देता येते.

शिक्षकाने करून घ्यावयाची तयारी

तरुण आल्यास त्याच्या अर्जाची प्रत मागून घ्यावी व प्रत्येक ओळीवर दोन-दोन प्रश्न काढावेत. शाळा सुटल्यावर एका वर्गात टेबल मांडून अभ्यास-मुलाखत घ्यावी. शेजारच्या शाळेतील शिक्षक, टपाल कार्यालयातील कर्मचारी, निवृत्त ग्रामसेवक अशी तीन माणसे पुरेत. आत येताना परवानगी, नमस्कार, सांगितल्यावर बसणे, विचारणाऱ्याकडे पाहून बोलणे, प्रश्न न समजल्यास पुन्हा विचारणे, एवढ्या गोष्टी तीन-चार वेळा केल्या की अंगवळणी पडतात. उत्तरे पाठ करून घेऊ नयेत. पाठांतर तत्काळ ओळखू येते. मुलगी असेल तर घरच्यांशीही बोलावे. मुलाखतीस दूरगावी जाण्यास तिला घरून अडविले जाते आणि चांगली संधी तेथेच संपते.

कागदपत्रे आठ दिवस आधी तपासावीत : मूळ गुणपत्रिका, अधिवासाचा दाखला, लागू असल्यास जात वैधता प्रमाणपत्र आणि उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र. त्यांवरील मुदत पाहावी. सर्व कागदांवर नाव एकाच तऱ्हेने लिहिलेले आहे ना, हेही पाहावे. मुलाखत मुंबई-पुण्यास असल्यास बडनेरा वा अकोला स्थानकावरून आदल्या दिवशी पोचेल अशी गाडी धरावी. कपडे नवे नसले तरी चालतील, स्वच्छ असावेत.

शिक्षकपदाच्या उमेदवारास पाठ द्यावयाचा असल्यास लहानसा घटक घ्यावा. फलकलेखन स्पष्ट असावे, आणि समोर मुले नसली तरी ती आहेत असे धरून प्रश्न विचारावेत. साहित्य परिसरातलेच असावे. कापसाच्या बोंडातील सरकी मोजून शिकविलेला भागाकार विकतच्या तक्त्यापेक्षा अधिक ठसतो.

खरी तयारी पहिल्या वर्गापासून

ही सर्व तयारी शेवटच्या आठ दिवसांची झाली. बोलण्याचे धैर्य मात्र आठ दिवसांत येत नाही. वर्गात मूल "हो", "नाही" एवढेच बोलून बसते आणि शिक्षक पुढे जातात, तेव्हाच पुढील अपयशाचे बी पेरले जाते. यासाठी परिपाठात दररोज एका मुलाने दोन मिनिटे आपल्या पाहण्यातील एखादी गोष्ट सांगावी आणि इतरांनी तीन प्रश्न विचारावेत, एवढा नेम ठेवणे कोणत्याही शाळेस शक्य आहे. उत्तर पूर्ण वाक्यात घ्यावे. चुकीच्या उत्तराला हसू देऊ नये. "मला माहीत नाही, मी पाहून सांगतो" असे म्हणणाऱ्या मुलाची वर्गात वाखाणणी करावी.

सर्वच उमेदवार निवडले जात नाहीत. निवड न झालेला तरुण गावात तोंड चुकवून हिंडतो. त्यालाही शिक्षकाने घरी बोलवावे, कोणते प्रश्न आले ते लिहून घ्यावे आणि वही शाळेत जपून ठेवावी. पुढच्या तरुणास ती उपयोगी पडेल, आणि आपले जाणे वाया गेले नाही, हे याच्याही ध्यानात येईल.