शाळेच्या ग्रंथालयातला प्रिंटर : मुलांच्या प्रिंटचा खर्च कसा भागवायचा?

अभ्यास मोबाइलवर आला, पण कागद काही सुटला नाही. प्रोजेक्ट असो, शिष्यवृत्तीचा अर्ज असो की दाखल्यांच्या प्रती, शेवटी प्रिंट लागतेच. २०२५-२६ पासून तर अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाले. म्हणजे आता खेड्यातल्या मुलांनाही प्रिंटसाठी सायबर कॅफे गाठावा लागतो.

सायबरवर एका पानाला पाच रुपये, कुठे दहा रुपयेही द्यावे लागतात. दुकान लांब असेल तर रिक्षाचं किंवा एसटीचं भाडं वेगळं. रोजंदारीवर चालणाऱ्या घरात दोन-तीन मुलं शिकत असतील तर हा खर्च जाणवतो. मुलींची अडचण आणखी वेगळी आहे. संध्याकाळी बाजारात एकटीला पाठवायला अम्मी-अब्बू तयार नसतात, आणि सोबत जायला घरात कोणी नसतं. प्रोजेक्ट उशिरा जमा होतो, कधी अर्जाची तारीखच निघून जाते.

यावर सोपा उपाय म्हणजे शाळेच्या ग्रंथालयात एक प्रिंटर. समाजाच्या बऱ्याच शाळांत तो असतोही, कोणीतरी दिलेला असतो. पण काही महिन्यांत शाई संपते आणि मशीन कापडाखाली झाकून पडतं. आमच्या मते अडचण मशीनची नसून हिशोबाची आहे. प्रिंटर देणारे मिळतात, शाई भरणारे मिळत नाहीत.

एका पानाला खरा खर्च किती?

हे गणित प्रत्येक शाळेने आपल्या भागातले भाव घालून करावं. आम्ही इथे नमुन्याचे आकडे घेतो.

- कागद : ५०० पानांचं रीम ३०० रुपयांना मिळालं, तर एका पानाला ६० पैसे.
- शाई : इंक टँक प्रिंटरची काळी बाटली ४०० रुपयांची आणि कंपनीने ४००० पानं सांगितली, तर १० पैसे. पण हा आकडा पानावर मजकूर विरळ असेल तरच खरा ठरतो. मुलांच्या प्रोजेक्टमध्ये चित्रं, तक्ते असतात, म्हणून २० पैसे धरा.
- मशीन : १५,००० रुपयांचा प्रिंटर ३०,००० पानं चालला असं धरलं, तर ५० पैसे.
- दुरुस्ती : २० पैसे बाजूला ठेवा.

एकूण झाले दीड रुपये. कागदाच्या दोन्ही बाजूंना छापलं तर कागदाचा खर्च निम्मा होतो आणि पान सव्वा रुपयाच्या आत बसतं.

मशीन घेताना फक्त किंमत बघू नका. स्वस्त लेझर प्रिंटर घेतला आणि त्याचा १५०० रुपयांचा टोनर १००० पानांत संपला, तर नुसत्या टोनरचाच खर्च पानाला दीड रुपया झाला. शाळेसाठी इंक टँक बहुधा परवडतो. मात्र मे महिन्याच्या सुट्टीत तो तसाच पडून राहिला तर शाई सुकून हेड अडकतं. म्हणून सुट्टीतही आठवड्याला एक पान काढायला कोणाला तरी सांगून ठेवा.

फुकट द्यायचं की पैसे घ्यायचे?

सगळंच फुकट ठेवलं तर वाढदिवसाचे फोटो आणि क्रिकेटपटूंची चित्रं आधी निघतात, अभ्यासाच्या वेळी शाई नसते. सगळ्यालाच पैसे लावले तर ज्याला खरी गरज आहे तेच मूल गप्प बसतं आणि ग्रंथालयात येणंच सोडतं. म्हणून कामाचे तीन भाग करावेत.

१. शाळेचं काम : हे शाळेनेच करायचं. दहावी-बारावीचं प्रवेशपत्र शाळेने किंवा कॉलेजने प्रिंट काढून, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह द्यायचं असतं आणि त्यासाठी वेगळे पैसे घ्यायचे नाहीत, अशी मंडळाचीच सूचना असते. पालकांनी हे लक्षात ठेवावं.

२. अभ्यास आणि अर्ज : प्रत्येक मुलाला वर्षाला ठराविक पानं मोफत, समजा २०. त्यापुढे दीड-दोन रुपये, म्हणजे खर्चापुरतेच. नववी-दहावीच्या मुलांना जास्त पानं द्यावीत, कारण अर्जांची धावपळ याच वयात सुरू होते.

३. खासगी काम : फोटो, रंगीत कार्ड वगैरे ग्रंथालयात नको.

एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. ‘गरीब मुलांना फुकट’ अशी वेगळी यादी करू नका. कार्ड सगळ्यांना सारखंच द्या. डॉक्टरांच्या मुलालाही २० पानं आणि हमालाच्या मुलालाही २० पानं. कोणाची पानं संपली आणि घरची अडचण असेल, तर सरांनी किंवा आपांनी गुपचूप वाढवून द्यावीत. वर्गासमोर विचारलं की मुलाची इज्जत जाते, आणि मग ते दुसऱ्यांदा मागत नाही.

नासाडी कुठे होते?

- प्रिंटची कमांड ग्रंथपालांनीच द्यावी. आधी स्क्रीनवर पान दाखवावं, मुलाने ‘बरोबर आहे’ म्हटल्यावरच छापावं.
- उर्दूची फाइल मोबाइलवर एका फॉन्टमध्ये दिसते आणि ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरवर अक्षरं विस्कटतात. मराठीच्या जुन्या फॉन्टचंही तेच. घरूनच पीडीएफ करून आणायला सांगा.
- काळं-पांढरं हाच नियम ठेवा. गडद रंगाचं मुखपृष्ठ एकटंच कितीतरी पानांची शाई पितं. मुखपृष्ठ हाताने काढलेलं जास्त छान दिसतं.
- चुकलेली पानं कच्च्या कामाला वापरा. पण ज्यावर आयत, हदीस किंवा अल्लाहचं नाव असेल ती पानं वेगळ्या पेटीत जमा करून अदबीने ठिकाणी लावावीत.

आधार आणि पासबुक जपा

अर्जासोबत आधार, बँक पासबुक, उत्पन्नाचा दाखला येतो. या फाइली ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरवर किंवा व्हॉट्सअॅपवर पडून राहू देऊ नका. प्रिंट झाली की मुलासमोर डिलीट करा. जिथे चालतं तिथे पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार वापरा. अशा कागदांची चुकलेली प्रत रद्दीत न टाकता फाडून टाका.

पैसा आणायचा कुठून?

४०० मुलांच्या शाळेत प्रत्येकी २० पानं म्हणजे वर्षाला ८००० पानं. दीड रुपयाने १२,००० रुपये, महिन्याला फक्त हजार. वलिम्याच्या जेवणातला एक पदार्थ कमी केला तरी सुटेल एवढी ही रक्कम आहे.

इथे एक खुलासा. जकातच्या पैशातून शाळेचा प्रिंटर किंवा शाई घ्यावी का, असं लोक विचारतात. बहुतेक उलमांच्या मते जकात हकदार माणसाच्या मालकीत जायला हवी, संस्थेच्या सामानावर ती खर्च करता येत नाही. म्हणून यासाठी लिल्लाह किंवा नफली सदक्याची रक्कम वापरावी आणि शंका असेल तर आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावं. चालू मशीन सदका-ए-जारिया ठरू शकतं, पण ते चालू राहिलं तर!

दिलेला पैसा ही अमानत आहे. म्हणून एक साधं रजिस्टर ठेवा : तारीख, वर्ग, किती पानं, मोफत की पैसे देऊन. महिन्याच्या शेवटी जमा-खर्चाचा कागद नोटीस बोर्डावर लावा. मुलांची नावं त्यावर नकोत, फक्त आकडे. हिशोब दिसला की देणाऱ्याचा हात पुढच्या वर्षीही पुढे येतो.

पुढच्या पालक सभेत तीन प्रश्न नक्की विचारा. आपल्या शाळेचा प्रिंटर चालू आहे का? त्याच्या शाईचा खर्च कोण करतो? आणि ज्या मुलाच्या खिशात पैसे नाहीत, त्याला प्रिंट मिळते का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर काम तिथूनच सुरू करा.