प्रतिष्ठानचा वेताळ आणि जपानी 'शिकी'

सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'तल्या वेताळाच्या पंचवीस कथा सुरू होतात गोदाकाठच्या प्रतिष्ठानात, म्हणजे आमच्या शहरापासून पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणात. तिथला राजा त्रिविक्रमसेन स्मशानातल्या झाडावरून प्रेत उतरवून खांद्यावर घेतो आणि प्रेतात शिरलेला वेताळ बोलू लागतो. कात्सुहिको कामिमुरा यांनी १९७८ मध्ये या कथा जपानीत आणल्या, तेव्हा शीर्षकात वेताळासाठी शब्द योजला 'शिकी'. 'शि' म्हणजे प्रेत, 'की' म्हणजे पिशाच्च.

फुयुमी ओनो यांच्या १९९८ च्या कादंबरीचे नाव हेच. २०१० मध्ये तिच्यावर तेत्सुरो आमिनो यांनी अ‍ॅनिमे मालिका केली. ओनोबाईंनी कादंबरी अर्पण केली आहे स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'ला. नारायण धारपांची 'लुचाई' बेतली आहे तीही याच पुस्तकावर. त्यामुळे रात्री गावात येऊन राहिलेले परके कुटुंब आणि पाठोपाठ पडणारे मृत्यू धारपांच्या वाचकाला नवे नाहीत. मालिका मनात रेंगाळते ती दुसऱ्याच कारणाने.

जपानमध्ये आज जवळजवळ सर्वत्र दहन होते. या डोंगरी गावात मात्र अजून पुरतात. गावाचे नाव सोतोबा. कबरीमागे रोवायच्या लाकडी पाटीला तिकडे हेच म्हणतात, आणि शब्द मूळचा आपला 'स्तूप'. या पाट्या घडवणे हाच गावाचा जुना धंदा. उन्हाळा कडक, रातकिड्यांचा आवाज थांबत नाही, आणि आज एका घरी तर उद्या दुसऱ्या घरी मयत. गावच्या डॉक्टरला आधी साथीचाच संशय येतो. पहिले कित्येक भाग रक्तापेक्षा अंत्ययात्राच जास्त दिसतात. संथपणाची तक्रार करणाऱ्यांना हे सुतक पाळायचे नसते, असे माझे मत.

जपानी रक्तपिपासूंची उदासी याआधीही होती. १९८८ च्या 'व्हॅम्पायर प्रिन्सेस मियू'ची नायिका किशोरवयातच थांबलेली, एकाकी. पण तिथे दुःख तिचे एकटीचे. 'शिकी'त ते शेजारपाजारचे होते. उठून आलेला मृत कोणाचा तरी मुलगा असतो, मित्र असतो. त्याला सगळे आठवते, लाज वाटते, आणि भूक आवरत नाही. रित्सुको ही दवाखान्यातली परिचारिका तेवढी भुकेने तडफडूनही सहकारी बाईच्या गळ्याला तोंड लावत नाही. शेवटी गावकरी लाकडी खुंटे घेऊन निघतात तेव्हा आपण कोणाच्या बाजूने आहोत हेच कळेनासे होते.

आपला वेताळ परक्या प्रेतातला भाडेकरू. त्याला कोडी सुचतात, चेष्टा सुचते, कारण ते शरीर त्याचे नव्हे; आणि राजाच्याही नात्यातले कोणी नव्हे. सोतोबात खुंटा ठोकायचा तो ओळखीच्या छातीत, ज्याच्या मयतीला आपण महिन्यापूर्वी खांदा दिला होता.