होडीवरचे गाणे आणि बॅटरीचा हिशेब

घरी गाण्याचा आवाज चार भिंती परतवतात. उघड्या समुद्रावर तो वाऱ्याबरोबर विरून जातो. म्हणून होडीवर संगीत लावणारा हौशी माणूस प्रथम मोठ्या वॅटचा अँप्लिफायर शोधू लागतो. पण तेथे वीज मोजकी! नांगर टाकून इंजिन बंद केले, की सारा भार बॅटरीवर. आणि सकाळी इंजिन सुरू व्हायचे तेही बहुधा तिच्याच जोरावर.

तेव्हा आधी पाहावी ती स्पीकरची संवेदनक्षमता. एका वॅटला एक मीटर अंतरावर ८७ डेसिबल देणाऱ्या स्पीकरला जेथे ४० वॅट लागतात, तेथे ९३ डेसिबलच्या स्पीकरला १० वॅट पुरतात. मग अँप्लिफायर. ‘एबी’ वर्गाचा जवळजवळ निम्मी वीज उष्णतेत दवडतो. ‘डी’ वर्गाचा ८० टक्क्यांहून अधिक कामी लावतो. दोन्ही निवडी साधल्या, तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून साडेसहा अँपिअरऐवजी एक अँपिअरच्या आसपासच वीज खर्च होते.

स्पीकरचा पडदा कागदी नको, पॉलिप्रॉपिलीनचा असावा. कागद दमट खाऱ्या हवेत टिकत नाही. स्पीकरचे लोहचुंबक होकायंत्रापासून दूर ठेवावे. आणि शक्यतो इंजिनासाठी बॅटरी स्वतंत्रच राखावी. गाणे थांबले तर चालेल. वारा उठल्यावर इंजिन रुसून चालायचे नाही.