गर्भाशयमुखाचा सांधा आणि एचआयव्ही (लेखांक ७)

मागील लेखांकात एचआयव्ही हा विषाणू सीडी-४ पेशींचा, म्हणजे प्रतिकारयंत्रणेला दिशा देणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, कसा ऱ्हास करतो ते पाहिले. या ऱ्हासाचे परिणाम गर्भाशयमुखावर कसे उमटतात, हे समजण्यासाठी आधी त्या अवयवाची रचना पाहावी लागते.

गर्भाशयमुख, म्हणजे बोलण्यातले पिशवीचे तोंड, हा गर्भाशयाचा योनीत उघडणारा अरुंद भाग होय. त्याच्या बाहेरील पृष्ठभागावर चपट्या पेशींचे अनेक थर असतात, आतील नळीला मात्र उभट पेशींचा एकच नाजूक थर असतो, आणि या दोन अस्तरांचा सांधा आयुष्यभर एका जागी राहत नाही. वयात येताना आणि गर्भारपणात तो बाहेर सरकतो, मग योनीतील आम्लतेला उघड्या पडलेल्या उभट पेशींची जागा हळूहळू चपट्या पेशी घेतात, आणि पाळी गेल्यावर तो पुन्हा आत जातो. या बदलत्या पट्ट्याला रूपांतरण क्षेत्र म्हणतात. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतेक वेळा येथेच सुरू होतो.

तो सुरू करणारा विषाणू एचआयव्ही नव्हे, तर मानवी पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही. अस्तरातील सूक्ष्म ओरखड्यांतून तो तळच्या पेशींपर्यंत पोहोचतो. त्याची ई-६ आणि ई-७ ही प्रथिने पेशीच्या अनिर्बंध विभाजनाला आवर घालणाऱ्या दोन प्रथिनांना, अनुक्रमे पी-५३ व आरबी यांना, निकामी करतात. एवढे होऊनही बहुसंख्य स्त्रियांमध्ये हा संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप मावळतो, कारण प्रतिकारयंत्रणा बाधित पेशी ओळखून नष्ट करते.

एचआयव्ही आघात करतो तो नेमका या मावळण्यावर. तो अस्तराच्या पेशींना सहसा थेट बाधित करत नाही. परंतु सीडी-४ पेशी घटल्या की एचपीव्ही हटत नाही, एकाच वेळी त्याचे अनेक प्रकार मुक्कामाला राहतात, आणि पूर्वी दबून राहिलेला संसर्गही डोके वर काढतो. शिवाय अस्तराच्या पेशींना एकमेकींशी घट्ट जोडणारे दुवे एचआयव्हीच्या प्रथिनांमुळे सैल होऊन एचपीव्हीला आत शिरणे सोपे जाते, असे प्रयोगशाळेतील अभ्यास सुचवतात. परिणामी एचआयव्हीबाधित स्त्रीमध्ये पूर्वकर्करोगी बदल अधिक वेळा आढळतात, ते अधिक पसरलेले असतात, नळीच्या आतपर्यंत जातात आणि उपचारानंतर पुन्हा उद्भवतात. अशा स्त्रियांना या कर्करोगाचा धोका इतरांच्या सुमारे सहापट असतो. १९९३ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने आक्रमक गर्भाशयमुख कर्करोगाचा समावेश एड्सनिदर्शक आजारांत केला, तो या संबंधामुळेच. पूर्वावस्थेत दुखत नाही, अंगावरून पांढरे जाणे हेही खात्रीचे लक्षण नाही, म्हणून त्रास होईपर्यंत थांबणे येथे सर्वांत महाग पडते.

तपासणीविषयीचे जगभर दाखले दिले जाणारे एक संशोधन सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत आकाराला आले. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर अभ्यास केला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एचपीव्हीची एकच चाचणी झालेल्या गटात आठ वर्षांत गर्भाशयमुख कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, आणि चाचणी नकारात्मक आलेल्या स्त्रियांत हा रोग क्वचितच आढळला. तुलनेच्या गटाला अभ्यासातून तपासणी मिळाली नाही, यावर पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले. ते रास्तच होते.

नकारात्मक चाचणीचा हा दीर्घ दिलासा मात्र एचआयव्हीबाधित स्त्रीला तसाच लागू होत नाही, कारण तो शाबूत प्रतिकारशक्तीवर उभा आहे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही चाचणीसाठी इतर स्त्रियांना वयाच्या तिशीपासून ५ ते १० वर्षांचे अंतर सुचवते, तर एचआयव्हीबाधितांना पंचविशीपासून ३ ते ५ वर्षांचे. भारतातील सर्वसाधारण तपासणी कार्यक्रम तिशीपासून सुरू होतो, तेव्हा पंचविशीतील बाधित स्त्रीची तपासणी एचआयव्हीच्या उपचारांशीच जोडणे हा सरळ मार्ग ठरतो. सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलसारख्या ठिकाणी एआरटी केंद्र आणि स्त्रीरोग विभाग एकाच आवारात असतात, हे येथे सोयीचे.

विषाणूरोधक उपचार, म्हणजे एआरटी, भारतात शासनामार्फत २००४ पासून मोफत मिळू लागले. ते वेळेवर सुरू झाले तर पूर्वकर्करोगी बदलांचा धोका घटतो. पण ज्या पेशींच्या जनुकद्रव्यात एचपीव्ही आधीच मिसळला आहे, त्या सीडी-४ ची संख्या सुधारली म्हणून पूर्ववत होतातच असे नाही. पूर्वी क्षयासारख्या आजाराने अकाली दगावणारी स्त्री आता दीर्घकाळ जगते, ही उपचारांची मोठीच कमाई. मात्र सावकाश वाढणाऱ्या या विकृतीलाही त्यामुळे पुरेशी वर्षे मिळतात.

विकृती नळीत खोलवर असल्यास ती गोठवून वा उष्णतेने जाळून नष्ट करता येत नाही. विद्युत तारेच्या फासाने तो भाग कापून काढावा लागतो, आणि कडेला विषाणू उरू शकत असल्याने वर्षभराने पुन्हा चाचणी करणे आवश्यक असते. अशा बदलांसाठी पिशवीच काढून टाकली तरी योनीच्या वरच्या टोकाला तेच बदल होऊ शकतात, त्यामुळे तेथील तपासणी पुढेही चालू ठेवावी लागते.