जुन्या फटफटीचा जीर्णोद्धार

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील कित्येक घरांच्या मागील पडवीत, लाकूडफाट्याच्या आडोशाला किंवा चुडतांच्या माटवाखाली, एखादी जुनी मोटरसायकल वर्षानुवर्षे उभी असलेली आढळते. तिच्या चाकांतील हवा केव्हाच गेलेली असते, टाकीचा रंग उडालेला असतो आणि बैठकीच्या स्पंजात उंदरांनी घर केलेले असते. भंगारवाला दर वर्षी तिचा भाव विचारून जातो, परंतु घरातील वडील मंडळी काही ना काही सबब सांगून त्याला परत पाठवितात. ह्याच गाडीवरून कोणी खाणीवर कामाला गेलेला असतो, कोणी शुक्रवारचा म्हापशाचा बाजार केलेला असतो, तर कोणी बाळंतिणीला दवाखान्यात पोहोचविलेले असते. अशी गाडी पुन्हा चालती करावी, अशी इच्छा घरातील तरुण मुलांना झाली तर ती कौतुकास्पदच आहे. मात्र ही इच्छा तुटपुंज्या पैशांत तडीस न्यावयाची, तर काय करावे आणि कोणत्या क्रमाने करावे ह्याचा विचार आधी व्हावयास हवा.

ह्या गाड्यांचा थोडासा पूर्वेतिहास ध्यानात घेणे उपयोगी आहे. 1961 च्या डिसेंबरपूर्वी, पोर्तुगीज राजवटीत, गोव्यात आलेल्या गाड्या परदेशी बनावटीच्या होत्या. मुक्तीनंतर भारतीय बनावटीच्या गाड्या येथे येऊ लागल्या. त्याच सुमारास भारतात हलक्या मोटरसायकलींचे उत्पादन वाढीला लागले होते. म्हैसूर येथील आयडियल जावा कंपनीने चेकोस्लोव्हाकियातील जावा गाडीच्या धर्तीवर 1961 मध्ये उत्पादनास प्रारंभ केला. पुढे ह्याच गाडीला येझदी हे नाव मिळाले आणि 1996 मध्ये तो कारखाना बंद पडला. एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडमधील एस.एच.एल. गाडीच्या आधारे राजदूत ही 173 घनसेंटिमीटर शक्तीची गाडी 1962 पासून काढली. खेड्यापाड्यांतील खडबडीत रस्त्यांवर ओझे वाहून नेणारी, स्वस्त आणि कोणत्याही मिस्त्रीला उलगडता येणारी गाडी म्हणून राजदूतचे नाव झाले. लहान जुन्या गाडीचा जीर्णोद्धार म्हटला की प्रथम डोळ्यांसमोर येते ती हीच गाडी, म्हणून पुढील विवेचन मुख्यत्वे तिच्या जातीच्या, म्हणजे दोन ठोक्यांच्या इंजिनाच्या गाडीला धरून केले आहे.

पाना हाती घेण्यापूर्वी कागदपत्रे हाती घ्यावीत. चासीवर आणि इंजिनावर कोरलेले क्रमांक नोंदणीपुस्तकातील क्रमांकांशी जुळतात की नाही, हे सर्वांत आधी पाहावे. गंज चढलेला असल्यास तो कापडाने व रॉकेलने हलकेच पुसावा. कानस किंवा खरखरीत कागद चालवू नये, कारण कोरलेला आकडा घासला गेला की तो पुन्हा मिळत नाही. गाडी दिवंगत आजोबांच्या नावे असेल, तर ती आता कोणाची हा प्रश्न उभा राहतो. गोव्याच्या दिवाणी कायद्याप्रमाणे पती-पत्नींची मालमत्ता सामान्यतः समाईक धरली जाते आणि वारसाहक्कात मुलगा व मुलगी असा भेद होत नाही. म्हणजे आजी हयात असेल तर तिचा, आणि लग्न होऊन सासरी गेलेल्या आत्यांचाही, त्या गंजलेल्या गाडीत वाटा आहे. एका पुतण्याने पदरचे पैसे घालून गाडी झळझळीत करावी आणि मग इतरांनी हक्क सांगावा, ह्यातून भाऊबंदकी उद्भवते. म्हणून सर्वांची संमती लेखी घेऊन, गाडी रीतसर एकाच्या नावे करून मगच खर्चाला हात घालावा.

ह्याच वेळी आणखी एक निर्णय घ्यावा लागतो. केंद्र सरकारने 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून, पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे उलटलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ अशी स्वतंत्र नोंदणी ठेवली. हिचे शुल्क 20,000 रुपये ठरविण्यात आले, मुदत 10 वर्षांची, आणि पुढील नूतनीकरणाचे शुल्क 5,000 रुपये. आधीपासून नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो, ही गोष्ट ज्यांना त्या क्रमांकाचे ममत्व आहे त्यांना समाधान देणारी आहे. परंतु अशा गाडीची चासी, सांगाडा किंवा इंजिन ह्यांत मोठा फेरफार केलेला चालत नाही आणि ती प्रदर्शन, मेळावा, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांखेरीज रस्त्यावर आणता येत नाही. साहजिकच ज्यांना ह्या गाडीवरून रोज बाजारहाट करावयाचा आहे, त्यांच्या हिताची ही वाट नव्हे. त्यांनी साधी नोंदणीच पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी. स्मरणासाठी गाडी हवी की वापरासाठी, हे घरच्यांनी एकत्र बसून आधी ठरवावे. पुढचा सारा खर्च ह्या उत्तरावर अवलंबून आहे.

आता प्रत्यक्ष यंत्राकडे वळू. गोव्यात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि दमट हवेत लोखंडाला गंज लागणे अटळ असते. त्यातही स्थळपरत्वे भेद आहे. केरी, हरमल, मांद्रे, मोरजी ह्या पेडण्याच्या किनाऱ्यावरील गावांत खारा वारा लागतो. मिठामुळे पाण्याची विद्युत्वाहकता वाढून गंज झपाट्याने पसरतो, आणि तो चाकांच्या आऱ्यांत, सायलेन्सरात व मडगार्डाच्या आतल्या बाजूस प्रथम दिसतो. डिचोलीकडील खाणपट्ट्यात शत्रू निराळा आहे. तेथील लोहखनिज मुख्यतः हेमेटाइट, आणि ह्याच द्रव्याची बारीक पूड सोनार दागिने घासून चकचकीत करण्यासाठी वापरीत आले आहेत. हवा गाळणारी जाळी फाटलेली असेल तर खनिजाची ही लाल धूळ सिलिंडरात शिरते आणि पिस्टन व त्याच्या रिंगा घासून टाकते. त्यामुळे किनाऱ्यावरील गाडीचा पत्रा आधी तपासावा आणि खाणपट्ट्यातील गाडीचे सिलिंडर आधी मोजून घ्यावे.

दोन ठोक्यांच्या इंजिनाची रचना समजली की निम्मी भीती नाहीशी होते. ह्या इंजिनात चार ठोक्यांच्या इंजिनासारख्या झडपा नसतात. पिस्टन वर जाताना खालच्या पेटीत पेट्रोल व हवा ह्यांचे मिश्रण ओढले जाते. खाली येताना ते दाबले जाऊन बाजूच्या वाटेने सिलिंडरात चढते आणि जळलेला वायू बाहेर पडतो. ह्या पेटीतून हवा निसटता कामा नये. ती निसटू नये म्हणून क्रँकशाफ्टच्या दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील बसविलेले असतात. वीस-तीस वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत हे रबर कडक होऊन तडकते. मग बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, इंजिन अतिशय तापते आणि पिस्टन सिलिंडरात अडकून बसतो. सीलांची किंमत किरकोळ, परंतु ते बदलण्यासाठी इंजिन पूर्ण उघडावे लागते. म्हणून कित्येक जण गाडी एकदा सुरू झाली की तिथेच थांबतात आणि थोड्याच दिवसांत नव्या पिस्टनला मुकतात. इंजिन उघडलेच आहे तर सील बदलूनच ते बंद करावे.

सिलिंडर झिजले असेल तर लेथवाल्याकडून त्याचे माप घ्यावे. ते थोडे रुंद कातून त्यात पुढच्या मापाचा पिस्टन बसविता येतो. हे काम घरी करण्याजोगे नाही आणि येथे पैसे वाचवू नयेत. उलटपक्षी कार्ब्युरेटर घरी साफ करता येतो. त्याच्या जेटच्या सूक्ष्म छिद्रात तार घालू नये, कारण छिद्र किंचित मोठे झाले तरी मिश्रणाचे प्रमाण बिघडते. पंपाने हवा मारावी. एक्झॉस्टच्या वाटेत व सायलेन्सरात साचलेला काळा कीट लाकडी पट्टीने खरवडावा. पुष्कळदा ‘गाडीत जोर नाही’ ह्या तक्रारीचे मूळ एवढेच असते. मॅग्नेटोतील पॉइंटांची फट साधारण 0.4 मिलिमीटर ठेवावी, तरी त्या त्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. जुन्या गाड्यांची वीज बहुधा 6 व्होल्टची असते, हे दिवे विकत घेताना विसरू नये.

इंधनाच्या बाबतीत आजची परिस्थिती ह्या गाड्या बनल्या तेव्हापेक्षा वेगळी आहे. पंपांवरील पेट्रोलमध्ये आता सुमारे 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल हवेतील पाणी शोषून घेते आणि जुन्या रबराच्या नळ्या व बुचाचे वॉशर ह्यांना मानवत नाही. टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवले तर पाणी तळाला बसून टाकी आतून गंजते. ह्यास्तव इथेनॉल सोसणारी नळी घालावी आणि पावसाळ्यात गाडी बंद ठेवावयाची असल्यास टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावे. पेट्रोलमध्ये तेल मिसळण्याचा नियम मात्र जुनाच आहे. पुस्तिकेत पंचविसास एक हे प्रमाण असेल, तर पाच लिटर पेट्रोलास 200 मिलिलिटर तेल घालावे.

खर्चाचा क्रम असा ठेवावा: प्रथम ब्रेक, मग टायर व चाकांचे आरे, मग इंजिन, त्यानंतर वीज, आणि सर्वांत शेवटी रंग. लोक नेमके उलटे करतात. आरंभीच्या उत्साहात टाकीला झगझगीत रंग आणि हँडलला नवे क्रोम चढते. मग इंजिनाला पैसे उरत नाहीत आणि सजविलेली गाडी पुन्हा पडवीत जाऊन बसते. एक वही घालून प्रत्येक नटबोल्टाचा खर्च तीत लिहावा. ठरविलेल्या रकमेचा काही भाग प्रथमपासून बाजूला काढून ठेवावा, कारण इंजिन उघडल्यावर न ठरविलेले काहीतरी निघतेच. नवी वस्तू घेण्यापूर्वी जुनी दुरुस्त होते का, हे पाहावे. मूळ कारखान्याचा, थोडा चेपलेला मडगार्ड हा बाजारातील पातळ पत्र्याच्या नकली मडगार्डापेक्षा अनेकदा सरस असतो. पितळी भाग चिंचेच्या कोळाने किंवा बिंबलांच्या रसाने घासून धुतले की समईसारखे उजळतात. त्यासाठी महागड्या द्रव्याची गरज नाही.

हे काम सहा-आठ महिन्यांचे धरावे आणि ऋतूंप्रमाणे वाटून घ्यावे. पावसाळ्यात पडवीत बसून गाडी सुटी करणे, भाग धुणे, याद्या करणे ही कामे होतात. रंग मात्र पाऊस ओसरल्यावर, कोरड्या हवेतच द्यावा. दमट हवेत दिलेला रंग पांढुरका पडतो आणि त्याखाली गंज धरतो. गाडी सुटी करताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे आणि नटबोल्ट निरनिराळ्या डब्यांत चिठ्ठ्या लावून ठेवावेत. लहान मुलांना हे काम उत्तम जमते. तारांची जोडणी शांत डोक्याच्या मुलीकडे किंवा मुलाकडे सोपवावी. हिशेब गृहिणीने ठेवावा, आणि मूळ रंग कोणता होता, कोणता खटका कसा दाबीत, गाडी थंडीत कशी सुरू होई, हे आजी-आजोबांना विचारावे. पुस्तिकेत नसलेली बरीच माहिती त्यांच्यापाशी असते.

मुले जवळ असताना दोन गोष्टींचे भान अवश्य ठेवावे. जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्या ड्रमातील धूळ फुंकू नये किंवा पंपाने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून ते फडके टाकून द्यावे. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा न घासता पाण्याखाली घासावा आणि त्या वेळी मुलांना दूर ठेवावे. क्रोमचा मुलामा उतरविण्याचे व चढविण्याचे काम घरी मुळीच करू नये; त्यातील रसायने विषारी आहेत.

सारे करूनही हिशेबाच्या वहीतील बेरीज गाडीच्या बाजारभावाहून अधिक भरण्याचा संभव आहे. नफ्यासाठी हे काम हाती घेणाऱ्याची निराशा होईल. परंतु ह्या व्यवहाराची दुसरीही एक बाजू आहे. 2012 मध्ये गोव्यातील खाणी थांबल्या, मध्यंतरी काही चालू झाल्या आणि 2018 मध्ये पुन्हा बंद पडल्या. त्या काळात डिचोलीकडील ट्रकमालक, चालक आणि त्यांच्या आधाराने जगणारे गॅरेजवाले ह्यांची मिळकत आटली, कित्येकांनी धंदा सोडला. कानाने इंजिनाचा दोष ओळखणारे आणि एका पान्यावर सिलिंडर उतरविणारे जुने मिस्त्री आता थोडे उरले आहेत. जी मुले अशा मिस्त्रीच्या शेजारी बसून एक गाडी उभी करतील, त्यांच्या हाती ती विद्या काही अंशी येईल. गाडी पुढे विकावी लागली तरी ती विद्या त्यांच्यापाशीच राहील. म्हणून मिस्त्री हयात आहे, आजीच्या आठवणी ताज्या आहेत आणि चासीवरचा आकडा अजून वाचता येतो, तोवरच ह्या कामाला आरंभ करणे शहाणपणाचे होय.